चालू पदावर पडदा

शनिवारी सकाळी मंजुळेने माझा लोकरी मफलर गळ्याला गुंडाळला, आरशात एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं शेवटचं बोलणं. आता सोमवारपर्यंत माझा घसा बसलेला आहे."

"आणि आप्पासाहेबांना कळलं तर?"

"तुम्ही गप्प राहिलात तर कळायचं नाही."

खामगावचा उन्हाळा. अंगावर पंचासुद्धा नकोसा वाटत होता आणि ही बाई मफलर गुंडाळून बसली होती. मला हसू आलं. तिने डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. ते बोट तिने रविवारच्या दुपारपर्यंत काढलं नाही.

घसा ठणठणीत होता तिचा. आदल्याच दिवशीच्या खेळाला तिने तीन वन्समोअर घेतले होते.

मंजुळा माझी बायको. आमच्या रमाविलास संगीत मंडळीची नायिका. मी त्याच कंपनीत पडदे ओढायचो. एवढी मोठी नटी पडदेवाल्याच्या गळ्यात कशी पडली, असं लोक विचारायचे. ती म्हणायची, "रोज माझ्यावर पडदा पाडायचा हक्क याचाच, मग दुसऱ्या कोणाला करू?" मला असं काही सुचत नाही. बोलायची कला तिच्याकडे होती. माझ्याकडे दोरी होती.

आता हे घशाचं नाटक कशासाठी, ते सांगतो.

आमचं सगळ्यात चालणारं नाटक संगीत मधुवंती. त्यातली राजकन्या मधुवंती मंजुळा करायची. पण तिच्या आधी पंधराएक वर्षं ती भूमिका अंतूनानांची होती. अंतूनाना उगारकर. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. पहिल्या अंकात राजकन्या प्रेक्षकांकडे पाठ करून आरशासमोर बसलेली असते. पदाची पहिली ओळ ती पाठमोरीच गाते आणि दुसऱ्या ओळीला मान वळवते. नानांचं ते वळणं बघायला लोक परगावाहून बैलगाड्या जुंपून येत. बायका म्हणे घरी जाऊन तशी मान वळवून बघत.

मग दिवस बदलले. लोकांना रंगभूमीवर खऱ्या बायका हव्या झाल्या. आप्पासाहेब हळदीकर आमचे मालक. त्यांनी पेडण्याकडून मंजुळेला आणलं. वय एकोणीस, गळा सोन्याचा, पण चालायची ती खांद्यावर घागर घेतल्यासारखी. आप्पासाहेबांनी तिला नानांच्या हवाली केलं. नाना काय बोलतात याकडे सगळ्या कंपनीचं लक्ष होतं. नाना तिला आपादमस्तक बघून म्हणाले, "बाई असून बाईसारखं चालता येत नाही होय गं तुला? ये, मी पुरुष आहे, मी शिकवतो."

आणि शिकवलं. चालणं, वळणं, पदर कुठल्या शब्दाला सावरायचा, कुठल्या शब्दाला सोडायचा. हातचं काही राखलं नाही. मंजुळा पहिल्यांदा मधुवंती म्हणून उभी राहिली त्या दिवसापासून नानांनी मिशी ठेवली आणि रंगपटाचं काम घेतलं. म्हणजे नटांना रंग लावायचा, कपडे सांभाळायचे. मंजुळेला शालू नेसवायचा तो नानांनीच. ती काही सांगायला गेली की म्हणायचे, "गप उभी राहा, मंजे. तुझ्याआधी मी नेसलोय हा."

आम्ही दोघं विंगेत शेजारी उभे असायचो. मी दोरीपाशी, नाना माझ्या डाव्या हाताला. आणि मला रोज एक गोष्ट दिसायची. मंजुळेचा हात पदराकडे जायच्या जरा आधी नानांचा हात छातीशी जायचा. तिने मान वळवायच्या आधी त्यांची हनुवटी हलायची. ओठ तर सगळा अंकभर हलत असायचे. त्यांचं त्यांना कळत नसावं.

एकदा जेवताना मी हे मंजुळेला सांगितलं. गंमत म्हणून. तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे मी रोज त्यांच्यासमोर बसून त्यांचं ताट जेवते," ती म्हणाली.

"असं कसं? त्यांनीच तर वाढलं तुला."

"म्हणून तर."

त्यानंतर तिने एक-दोनदा नानांना विचारून पाहिलं. "नाना, एकदा तुम्ही करा की मधुवंती. आप्पासाहेबांना मी सांगते." नाना मिशीवरून बोट फिरवून हसायचे. "या मिशीला कोण राजकन्या म्हणेल गं? आणि असं मागून मिळालेलं काम करत नाही मी."

तेव्हा तिच्या डोक्यात हे शिरलं. मागून नको तर गरज पडली म्हणून. रविवारचा खेळ तिने मुद्दाम निवडला. उन्हाळ्यात खेड्यांवरच्या लोकांना उजेडी परत जाता यावं म्हणून रविवारचा खेळ आम्ही दुपारी लावत असू. तिचा हिशेब असा, की रात्रीच्या खेळाला गावातले जाणकार येतात, तुलना करतात. दुपारी बायाबापड्या आणि म्हाताऱ्या माणसांची गर्दी. त्यांनी नानांना ऐन भरात पाहिलेलं. ते डोक्यावर घेतील. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, मला ही युक्ती फार आवडली होती.

शनिवारी आप्पासाहेब बिऱ्हाडी आले. मंजुळेने गळ्याकडे बोट दाखवलं आणि नुसती हवा बाहेर काढली. आप्पासाहेब मटकन खाली बसले.

"उद्या थिएटर भरलंय गं. आता काय करू? सखीचं काम करते ती पोरगी गाते का? कावळा बरा."

मंजुळेने माझ्याकडे पाहिलं. मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, "अंतूनाना आहेत की."

"वेड लागलंय का, भिकाजी? साठीला आला तो माणूस!"

"पंचावन्न. आणि सगळं नाटक पाठ आहे."

आप्पासाहेबांनी मनाशी हिशेब केला. मग उठून नानांकडे गेले. आम्हीही मागोमाग.

नाना कंकण-बाजूबंदांना पॉलिश करत बसले होते. ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही. माझं झालं आता. खेळ बंद ठेवा."

आप्पासाहेबांनी बरंच सांगितलं. नाना ऐकेनात. तेव्हा मंजुळा पुढे झाली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हलेना. कुजबुजत म्हणाली, "नाना, खेळ बुडाला तर माझ्या नावाने बुडेल. माझी लाज राखा."

नानांनी तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ, ऊठ. एवढंच ना? तुझ्यासाठी करतो. रडू नकोस, घशाला वाईट."

म्हणजे तिला वाटत होतं ती त्यांना काहीतरी देते आहे, आणि त्यांना वाटत होतं ते तिला देत आहेत.

रविवारी सकाळी न्हावी आला. नाना अंगणात बसले आणि म्हणाले, "मिशी काढ."

न्हाव्याने वस्तरा थांबवला. आमच्याकडे बाप गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत. "काका, वडील..."

"वडील जाऊन वीस वर्षं झाली. तू काढ."

मंजुळा ओसरीत उभी होती. ती आत निघून गेली.

दुपारी रंगपटात मी दोनदा डोकावलो. नाना स्वतःच रंग लावत होते. हात झरझर चालत होता. चोळी चढवली, कापूस भरला, तो एकुलता एक तांबडा शालू नेसले. मधुवंतीसाठी कंपनीत एकच शालू होता. गंगावन लावलं, अंबाड्यावर फुलं माळली. मग उठून दोन पावलं चालले आणि मी दारात तसाच उभा राहिलो. कुणाही बाईला ते चालणं जमलं नसतं. मंजुळेलाही नाही.

"काय रे? मधुवंतीकडे असं टक लावून बघतोस?" नाना म्हणाले, आणि लाजून असे काही हसले की माझीच मान खाली गेली.

मंजुळा मफलर गुंडाळून विंगेत येऊन बसली होती. तिचे डोळे नुसते चमकत होते. मी तिच्या कानाशी म्हणालो, "जमलं." तिने माझा हात दाबला.

दोन गोष्टी आम्ही विचारात घेतल्या नव्हत्या. एक म्हणजे रविवारी कापसाच्या जिनिंग गिरणीला सुट्टी. मागचे बाक सगळे तरण्या पोरांनी भरले होते. ती पोरं मंजुळाबाईंना बघायला आली होती. बदल झाल्याचं दारावर खडूने लिहिलं होतं, पण ते वाचतं कोण? दुसरी गोष्ट म्हणजे उजेड. थिएटर पत्र्याचं होतं. पत्रे जागोजाग गंजलेले. रात्री ते कळत नसे. दुपारी त्या भोकांतून उन्हाच्या तिरिपी सरळ स्टेजवर येत. तरुण तोंडावर ऊन पडलं तर काय बिघडतं? आम्हाला ते कधी जाणवलंच नव्हतं.

नांदी झाली. मी पडदा उघडला. नाना पाठमोरे आरशासमोर. ऑर्गनने सूर दिला आणि नानांनी पहिली ओळ घेतली. आवाज थोडा जाड झाला होता, पण सूर असा लागला की पुढच्या खुर्च्यांवरचे एक पागोटेवाले आजोबा "वाहवा!" म्हणून ओरडले. मंजुळेने डोळे मिटून हात जोडले.

दुसरी ओळ आली. नानांनी मान वळवली. उन्हाची एक तिरीप बरोबर गालावर पडली. रंगाच्या खाली सगळ्या सुरकुत्या दिसल्या, ताज्या काढलेल्या मिशीची निळसर जागा दिसली.

मागून एकजण ओरडला, "अबे, हा तं बुढा होय!"

हशा पिकला. पागोटेवाले आजोबा मागे वळून "गप बसा रे!" म्हणाले, त्याने आणखीच पिकला. नाना थांबले नाहीत. त्यांनी पहिलं कडवं पुरं केलं. मग सखीबरोबरचा संवाद. त्यात राजकन्येच्या तोंडी वाक्य होतं, "सखे, अजून सोळावं सरलं नाही माझं." मंजुळा म्हणायची तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नसे. नाना म्हणाले आणि सबंध थिएटर कोसळलं. पोरं बाकावर उभी राहिली.

"आजे, घरी जाय!"

"काऊन बे, मंजुळाबाईले कुठं लपवलं?"

"मंजुळा! मंजुळा!"

शिट्ट्या सुरू झाल्या. ज्या बायाबापड्यांवर आमची भिस्त होती, त्याही तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मघाच्या आजोबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते.

नानांनी दुसरं कडवं सुरू केलं. ऐकू येत नव्हतं, पण त्यांचे ओठ आणि हात दिसत होते. एकही हावभाव त्यांनी गाळला नाही. घाईही केली नाही. समोर जणू सगळे डोलत आहेत अशा सावकाशीने ते गात होते. एक फुटाणा येऊन त्यांच्या खांद्याला लागला. त्यांनी तो पदराने असा झटकला की मला क्षणभर वाटलं, हे नाटकातलंच आहे.

मंजुळा माझ्या शेजारी आली होती. "पाडा," ती म्हणाली.

"पद चाललंय. अजून एक कडवं आहे."

"पाडा हो! माराल का त्यांना?"

आमच्या धंद्यात एक गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. आग लागली तर गोष्ट वेगळी, नाहीतर चालू पदावर पडदा पडत नाही. मी इतक्या वर्षांत कधी पाडला नव्हता. त्या दिवशी मी दोरी सोडली.

पडदा खाली आला. बाहेर एकच आरोळी उठली. ऑर्गन थोडा वेळ वाजत राहिला आणि थांबला. नाना मात्र गातच होते. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ त्यांनी पडद्याआड सगळी म्हटली. हात उचललेला होता. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि काही न बोलता रंगपटात गेले.

आम्ही दोघं त्यांच्यामागे गेलो. आप्पासाहेब धावत आले. "पडदा कोणी पाडला?"

"मी."

"कोणाला विचारून?"

मी मंजुळेकडे पाहिलं नाही. "गोंगाट फार होता."

"पाडला तर पाडला," नाना कपड्यांच्या पेटीवर बसले होते, तिथून म्हणाले. घाम पुशीत होते, पण रंग पुसला जाऊ नये म्हणून नुसता टिपत होते. "आप्पासाहेब, तुम्ही बाहेर जाऊन दोन शब्द बोला. जरा शांत होऊ द्या. मी पद पुन्हा पहिल्यापासून घेतो."

"नाना, ऐका जरा." बाहेर बाक आपटत होते. मंजुळेच्या नावाचा ताल धरला होता. "खेळ नीट झाला नाही तर थिएटर मोडतील. आणि थांबवला तरी मोडतील."

"थांबवायचा कशाला? मी आहे ना. पूर्वी काय दंगा होत नव्हता? आणि तिचा घसा बसलाय, ती बिचारी काय करणार?"

बाहेर काहीतरी फुटल्याचा आवाज आला. नाना उठले, पदर नीट केला आणि दाराकडे निघाले.

मंजुळा दारात उभी होती. मला तिचा चेहरा दिसत होता. ती बोलली तर खोटं उघडं पडणार. नाही बोलली तर नाना पुन्हा त्या पोरांपुढे जाणार, आणि अजून चार अंक होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी पडदेवाला माणूस.

तिने गळ्याचा मफलर काढला.

"नाना, मी जाते," ती म्हणाली.

स्वच्छ, खणखणीत आवाज. दीड दिवस विश्रांती मिळालेला.

आप्पासाहेबांचं तोंड उघडं पडलं. नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग होता. रंगाखाली काय झालं ते दिसलं नाही.

"अगं, तुझा घसा..." आप्पासाहेबांचा आवाज चढू लागला. "म्हणजे तू काल..."

"कंकोळ लागू पडलं म्हणायचं," नाना मध्येच म्हणाले.

"काय?"

"सकाळी कंकोळाचा विडा दिला होता मी तिला. कधी लगेच गुण येतो, कधी दुपार उजाडावी लागते." मग तिच्याकडे वळून, "मोकळं वाटतंय ना?"

मंजुळेने मान हलवली.

विडा कसला आणि काय! सकाळी न्हावी गेल्यावर नाना कोणाशी बोलले नव्हते. मी तिथेच होतो.

आप्पासाहेबांना पटलं की त्यांनी पटवून घेतलं, कोण जाणे. ते लोकांना सांगायला बाहेर धावले.

"ये," नाना म्हणाले आणि शालूच्या निऱ्या सोडू लागले. सगळा शालू त्यांनी अंगावरून उतरवला, झटकला आणि तिला नेसवायला घेतला. अंगात चोळी तशीच, कापूस तसाच, खाली पोटऱ्यांपर्यंत चड्डी. अंबाड्यात फुलं. त्या वेषात खाली बसून ते तिच्या निऱ्या करत होते. हात रोजच्यासारखे चालत होते.

"नाना, मी मुद्दाम..."

त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवून तिला गप्प केलं. शेवटची टाचणी लावल्यावर स्वतःच्या केसांतली फुलं काढून तिच्या केसांत खोवली. "जा. पहिली ओळ पाठमोरी आहे, घाई करू नको."

मी पडदा उघडला. मंजुळा गायली. तिने मान वळवली तेव्हा पत्रे उडतील असा टाळ्यांचा आवाज झाला.

नाना विंगेत माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले होते. चोळीवरून कोणाचीतरी शाल पांघरली होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. पण दिसतंच. त्या दिवशी त्यांचा हात हलला नाही, ओठ हलले नाहीत. दुसऱ्या कोणाचं नाटक बघावं तसे ते बघत होते.

"भिकाजी," ते हळूच म्हणाले.

"हां, नाना."

"तिसरं कडवं राहिलं माझं."

मी उगाच दोरी चाचपू लागलो.

"त्या कडव्याला लोक गप्प होतात. कितीही दंगा असू दे. बार्शीला एकदा दगड पडले होते स्टेजवर. तिसऱ्या कडव्याला टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी त्याचीच वाट बघत होतो. म्हणून तर दुसरं कडवं सावकाश घेतलं."

"नाना, मला वाटलं तुम्हाला त्रास..."

"तुला वाटलं ते चांगल्या मनानेच वाटलं असेल. पण चालू पदावर पडदा पाडू नये रे."

एवढंच. रागाने नाही. नव्या पोराला सांगतात तसं.

तेवढ्यात मंजुळा तिसऱ्या कडव्यावर आली. आणि खरंच, थिएटर गप्प झालं. ती शिट्ट्या मारणारी जिनिंगची पोरंसुद्धा. तिच्यामुळे झालं की कडव्यामुळे, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

त्या खेळाला पाच वन्समोअर मिळाले.

कंकोळाच्या विड्याची गोष्ट मात्र सगळ्या नाटक कंपन्यांत पसरली. दुसऱ्या कंपन्यांचे नट नानांकडे विडा मागायला येऊ लागले. नाना करून द्यायचे. काहींना गुणही यायचा म्हणे. मंजुळेलाही ते खेळाआधी सगळ्यांदेखत एक विडा द्यायचे आणि ती मुकाट्याने खायची. आप्पासाहेब समाधानाने बघायचे.

त्यांनी तिला कधी दोष दिला नाही. ती दोनदा बोलायला गेली, दोन्ही वेळा त्यांनी दुसराच विषय काढला. फक्त एक फरक पडला. खामगावनंतरच्या मुक्कामी, मला वाटतं मलकापूरला, शालू नेसवताना ते थांबले आणि म्हणाले, "पदर कुठे घेऊ, बाई?"

तोवर त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. बिऱ्हाडी येऊन ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला विचारलं हो त्यांनी. पदर कुठे घेऊ म्हणून विचारलं."

पावसाळ्यात खेळ बंद ठेवून कंपनी सांगलीला बसली तेव्हा नाना उगारला गेले. पुढच्या हंगामात आलेच नाहीत. वीसेक वर्षांनी वारले ते. आम्ही भेटायला जायचं ठरवत राहिलो.

मंजुळा पुढे खूप मोठी झाली. मानपत्रं, सत्कार, मुंबई-पुण्याचे खेळ. तुम्ही तिचं नाव ऐकलं असेल. पण घरात, भाजी निवडताना किंवा कपडे वाळत घालताना, ती मध्येच थांबायची आणि मला विचारायची, "मी केलं ते वाईटच केलं. पण तेवढा पडदा पाडायला लावला ते तरी बरं केलं ना? निदान त्या पोरांच्या तावडीतून त्यांना सोडवलं ना आपण?"

विंगेत नाना मला काय म्हणाले, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी ती फार रडत होती. नंतर सांगण्यात अर्थ उरला नाही, आणि मग इतकी वर्षं झाली की सांगणं म्हणजे मारणंच झालं असतं. तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती धरून ठेवायला.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. चार दिवस आधी दुपारी मी तिला पेज भरवत होतो. दोन चमचे घेतले आणि तिने माझं मनगट धरलं.

"बरं केलं ना हो आपण? पडदा पाडला ते?"

"बरं केलं," मी म्हणालो.

तिने मनगट सोडलं आणि तोंड उघडलं. मी पुढचा चमचा भरवला.